बोअरच्या बिलात न आलेली दोन बोटे

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर,
तसेच मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी

विषय : बोअरच्या गाड्या आणि दगडखाणी येथे यंत्रामुळे होणाऱ्या दुखापतींची नोंद व भरपाई याबाबत.

महोदय,

मी २००८ ते २०१९ अशी अकरा वर्षे औसा आणि निलंगा या दोन तालुक्यांत बोअरच्या गाड्यांचा एजंट होतो. गाडीचा मालक तमिळनाडूत तिरुचेंगोडला, त्याचा मॅनेजर लातुरात भाड्याच्या खोलीत, शेतकरी आपल्या शिवारात, आणि या तिघांची गाठ घालून देणारा मी, असा तो व्यवहार असे. कमिशन फुटावर मिळे, त्यामुळे बोअर जितका खोल जाई तितके माझे भले होई. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी नुसता बघणारा नव्हतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येऊ लागली, तेव्हा देशभरचे कॅमेरे रेल्वे स्थानकावर उभे होते. त्याच दिवसांत औसा तालुक्यातील एका गावाच्या शिवारात आमची गाडी रात्रंदिवस चालू होती. ज्यांनी बोअर पाडताना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. एका लॉरीवर यंत्र आणि उभा मास्ट, म्हणजे रॉड ज्याच्या आधाराने खाली जातात तो लोखंडी सांगाडा, दुसऱ्या लॉरीवर रॉड, डिझेलचे पिंप आणि पोरांचे अंथरूण-पांघरूण. कॉम्प्रेसरमधली हवा दर चौरस इंचाला ३०० पौंडांच्या आसपास दाबाने पोकळ रॉडमधून खाली जाते, तळाचा हॅमर त्या हवेने खडकावर आदळतो आणि फुटलेली भुकटी तीच हवा वर फेकते. दर २० फुटांना नवा रॉड जोडावा लागतो. शेतकरी बाजेवर बसून प्रत्येक रॉडला एक खडा बाजूला ठेवत होता, कारण पैसे फुटावर द्यायचे असतात आणि गाडीवाल्यांच्या मोजणीवर कुणाचाच विश्वास नसतो. सकाळी पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली होती, आणि तोच नारळ फोडून, हळद-कुंकू वाहून काम सुरू झाले होते.

रात्री दोनच्या सुमारास बोअर ४८० फुटांवर होता. रॉड जोडताना खालचा रॉड पान्यात धरून ठेवायचा आणि वरचा रॉड यंत्राने फिरवून त्याचे आटे बसवायचे, अशी रीत आहे. पाना नीट बसेपर्यंत हेल्परचा हात त्याच्या दांड्यावर असतो. लिव्हरवरचा ऑपरेटर चार-पाच हात लांब, मध्ये पांढरा धुरळा, आणि कॉम्प्रेसरचा आवाज असा की शेजारच्या माणसाने कानात ओरडलेलेही ऐकू येत नाही, म्हणून सगळे काम हाताच्या खुणेवर चालते. त्या रात्री खूण झाली की नाही यावर नंतर दोघांचे एकमत झाले नाही. रॉड फिरला, त्याच्याबरोबर पाना फिरला आणि मास्टच्या खांबावर जाऊन आदळला. दांडा आणि खांब यांच्यामध्ये त्या पोराचा उजवा हात होता. तर्जनी आणि मधले बोट मुळापासून गेले. तो छत्तीसगडचा होता, वय बावीस सांगत होता, हातात मोजे नव्हते, पायांत रबरी चप्पल होती.

यंत्र थांबले नाही, हे वाचून आपल्याला राग येईल. मलाही आला होता. पण ते का थांबले नाही हे समजून घेतल्याशिवाय या दुखापती कमी होणार नाहीत. आपला काळा पाषाण एकजिनसी नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, आणि कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा. तो पट्टा लागला की बोअरची भिंत ढासळू लागते. अशा वेळी हवा बंद केली तर वर चाललेली भुकटी आणि ढासळलेली माती हॅमरवर बसते, आणि तो खालीच अडकला की हॅमर, बिट आणि चोवीस रॉड असा लाखांचा माल जमिनीत राहतो. ही नुकसानी ऑपरेटरच्या पगारातून कापली जाईल, अशी धमकी त्याला पहिल्या दिवशीच दिलेली असते. म्हणून त्याने आधी हवा चालू ठेवून रॉड वर घेतले आणि मग खाली उतरला. तो दुष्ट नव्हता. पोराच्या हाताला त्यानेच आपला गमछा बांधला.

मी त्या पोराला मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागे दुसऱ्या हेल्परला धरायला घेऊन, दवाखान्यात नेले. तिथे काय झाले म्हणून विचारले तेव्हा मी सांगितले, की दारात बोटे सापडली. केसपेपरवर तेच लिहिले गेले. मॅनेजरने फोनवर मला हेच सांगायला सांगितले होते, आणि मला कारण विचारावे लागले नाही. सकाळी परत शेतात आलो तेव्हा बोअर ६२० फुटांवर थांबला होता आणि अर्धा इंच पाणी लागले होते. बिल माझ्याच अक्षरात आहे : ३१ रॉड, ६२० फूट, केसिंग (बोअरच्या तोंडाशी बसवायचा पाइप) ४० फूट, आणि खाली शेतकऱ्याची सही. त्या रात्री त्या यंत्राने आणखी काय केले, याला बिलात जागा नव्हती.

दारात बोटे सापडल्याचे का सांगावे लागले, हाच या पत्राचा मुद्दा आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ प्रमाणे ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर निर्बंध आहेत, आणि बोअरच्या गाड्यांनी नोंदणी करणे बंधनकारक आहे. ६२० फूट म्हणजे जवळजवळ १८९ मीटर. त्याआधीच्या १९९३ च्या कायद्यापासून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय बोअर पाडता येत नाही. लातूर जिल्ह्यात आठशे-हजार फुटांचे बोअर किती आहेत हे आपल्या कार्यालयांपेक्षा गावातल्या मोटार रिवाइंड करणाऱ्याला जास्त ठाऊक असते. म्हणजे ज्या खड्ड्यावर दुखापत होते तो खड्डाच लपवायचा असतो. दुखापत सांगितली की जागा सांगावी लागते, जागा सांगितली की खोली सांगावी लागते, आणि खोली सांगितली की शेतकरी, गाडीमालक आणि एजंट असे तिघेही अडचणीत येतात. चौथा, ज्याचा हात गेला, तो मराठी बोलत नाही आणि आठवड्याभरात गावाकडे जाणाऱ्या रेल्वेत बसवलेला असतो. पाणी वाचवण्यासाठी केलेला नियम माणसाची दुखापत झाकण्याच्या कामी येतो, हे कायदा करणाऱ्यांच्या मनातही आले नसेल.

त्या पोराला मालकाने २०,००० रुपये दिले. त्यासाठी शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, यापुढे आपली कोणतीही मागणी राहिलेली नाही असे लिहून घेतले, आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम १९२३ मी पुष्कळ नंतर, माझा धंदा सोडून झाल्यावर वाचला. भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल आहे, असे त्याच्या १७ व्या कलमात स्पष्ट आहे. म्हणजे माझी साक्ष असलेला तो कागद सही करतानाच निकामी होता. कायदा कुणाला लागू होता याच्या यादीत कूपनलिकेचे, म्हणजे बोअरचे, बांधकाम, चालवणे आणि दुरुस्ती यांवरचा कामगार वेगळा नोंदवलेला आहे. सुरुंगाच्या कामावरचा आहे, आणि बारा फुटांपेक्षा खोल खोदकामावरचाही आहे. १९२३ च्या या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली. पण विहीर खोदणारा माणूस विसरला गेला, असे या देशाच्या कायद्याबद्दल म्हणता येणार नाही.

त्या कायद्यात बोटांचाही हिशेब आहे. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे धरतात, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७, आणि एका हाताची दोन बोटे मिळून २० टक्के. २०१६ मध्ये भरपाईसाठी महिन्याचा पगार जास्तीत जास्त ८,००० रुपये धरला जाई आणि भत्ता धरून त्या पोराचा पगार त्याहून थोडा वरच होता. ८,००० चे ६० टक्के म्हणजे ४,८००, त्याला बावीस वर्षांच्या वयाचा गुणक २२१.३७, आणि त्याचे २० टक्के, म्हणजे २,१२,५०० रुपयांच्या थोडे वर, आणि दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. जानेवारी २०२० पासून पगाराची मर्यादा १५,००० झाली. त्या हिशेबाने १५,००० पगाराच्या त्याच वयाच्या मुलाच्या त्याच दोन बोटांचे ३,९८,००० रुपयांच्या वर होतात. हा गुणाकार मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिला. बिलाचा हिशेब मी कधी चुकू दिला नव्हता.

पण अर्ज कुणाविरुद्ध करायचा? मालक म्हणतो, गाडी मॅनेजरला चालवायला दिली आहे. मॅनेजर म्हणतो, पोरे ठेकेदाराने पाठवली. ठेकेदार हा बहुधा त्या पोराच्याच गावचा, दोन वर्षे आधी आलेला मोठा हेल्पर असतो. गाडीचा विमा असतो, पण त्यात चालकाशिवाय रॉड लावणाऱ्या सहा जणांचा हप्ता भरला आहे का, हे मालकालाही सांगता येत नाही. हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, पैसे हातात मिळतात किंवा गावाकडे कुणाच्या तरी खात्यावर जातात. तो पोरगा त्या गाडीवर कामाला होता याचा जगातला एकमेव लेखी पुरावा म्हणजे माझ्या सहीचा तो स्टॅम्प पेपर, आणि तो मालकाकडे आहे.

येथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. मास्ट उभा करताना तो वरून गेलेल्या ११ केव्हीच्या तारेला लागणे, हा या धंद्यातला सर्वांत जीवघेणा प्रकार. रात्री तार दिसत नाही, आणि पाणाड्याने दाखवलेली जागा दहा हातही सरकवायला शेतकरी तयार नसतो. समजा अशा वेळी गाडीला हात लावून उभा असलेला शेतकरी आणि हेल्पर दोघेही दगावले. शेतकऱ्याच्या घरच्यांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. तलाठी आणि कृषी सहायक दोघेही त्यांना कागद कोणते लागतात ते सांगतात, आणि ते योग्यच आहे. हेल्परचे शव गावी पाठवायला रुग्णवाहिकेचे भाडे कोण देणार, यावर मॅनेजर आणि ठेकेदार यांच्यात वाद सुरू होतो. दोघांना मारणारी तार एकच असते.

बाकीच्या दुखापतींची कारणे गाडीवर राहिलेल्या कुणालाही पाठ असतात. गळ्यातला गमछा किंवा सैल शर्ट फिरत्या रॉडला गुंडाळला जातो. हवेचा होस (नळी) जोडावर सुटला तर सापासारखा फटकारा मारतो आणि समोरच्याचा जबडा फोडतो. दोन्ही टोकांना बांधायची लोखंडी साखळी काही शे रुपयांत मिळते, पण मी आणलेल्या गाड्यांपैकी दोनच गाड्यांवर ती होती. रॉड लॉरीवरून घरंगळून पायावर येतात. कान तर सगळ्यांचेच जातात, पण हळूहळू जातात म्हणून त्याला कुणी दुखापत म्हणत नाही. रॉडचे आटे यंत्रानेच धरून सोडवणारा पाना नव्या गाड्यांवर बसवता येतो. तो बसवला तर हेल्परचा हात तिथे नेण्याची गरजच उरत नाही. आमच्या गाडीवर तो नव्हता, कारण गाडी जुनी होती आणि पोरे स्वस्त होती.

खाण म्हटले की आपल्याकडे चंद्रपूर-वणीचा कोळसा आठवतो, आणि मराठवाड्यात खाणी नाहीतच असे समजून विषय संपतो. पण जालन्यापासून नांदेडपर्यंत ज्या टेकड्या अर्ध्या कापलेल्या दिसतात त्या दगडखाणीच आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी खडी केंद्रे आहेत. १९५२ च्या खाण कायद्याने मुरूम, बांधकामाचा दगड, खडी यांच्या खाणींना बऱ्याच कलमांतून सवलत दिली होती, मात्र तीन अटींवर : उघडी खाण ६ मीटरपेक्षा खोल नको, कोणत्याही दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे नकोत, आणि स्फोटके वापरायची नाहीत. सुरुंगाशिवाय आपला पाषाण फुटत नाही, हे आपणांस मी सांगायला नको. म्हणजे पहिला सुरुंग उडाला की ती सवलत संपत होती आणि धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचा अंमल सुरू होत होता. प्रत्यक्षात खाणीवर येतो तो महसूल विभागाचा माणूस, आणि तो ब्रास, म्हणजे किती दगड निघाला ते, मोजून जातो. विनापावती मुरमाचा एक टिप्पर रात्री अडवण्याइतकी सतर्क यंत्रणा आपल्याकडे आहे. त्याच यंत्रणेने त्याच फेरीत खडी केंद्राच्या पट्ट्याला आणि फ्लायव्हीलला जाळी आहे की नाही एवढे पाहिले, आणि पट्टा चालू असताना खाली सांडलेली खडी फावड्याने ओढायला कुणाला उभे केले आहे का हे विचारले, तर वेगळ्या निरीक्षकाची वाट पाहावी लागणार नाही. विहिरीच्या कामावर ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरने भोके मारणाऱ्यांचेही असेच. न उडालेल्या सुरुंगाच्या जुन्या भोकात पुन्हा ड्रिल घालू नये हे त्यांना माहीत असते, पण भोक जुने आहे हे सांगणारा कालचा माणूस आज कामावर नसतो, आणि लिहून ठेवायची पद्धत नाही.

बोअरच्या गाडीवर मात्र असा फेरी मारणारा माणूस पोहोचत नाही, कारण गाडी आज इथे आणि उद्या कर्नाटकात. १९५२ च्या कायद्यातील खनिजाची व्याख्या जमिनीतून खोदून किंवा छिद्र पाडून मिळणारा कोणताही पदार्थ इतकी रुंद होती. पाणी तीत बसते का हा वकिलांचा विषय. मी अकरा वर्षांत गाडीवर सुरक्षेसाठी आलेला एकही अधिकारी पाहिला नाही, मग तो कोणत्याही खात्याचा असो.

म्हणून माझी विनंती नव्या कायद्याची नाही. भूजल अधिनियमाखाली गाडीची नोंदणी किंवा नूतनीकरण होताना अर्जासोबत त्या गाडीवरील प्रत्येक माणसाचे नाव, वयाचा पुरावा आणि त्याच्या अपघाती भरपाईच्या विम्याची प्रत घ्यावी, आणि ती यादी गाडीच्या दारावर मराठीत व हिंदीत लावायला सांगावी. यादीत मालक कोण हे एकाच नावाने लिहिलेले असावे. गाडी गावात आली की पोलीस पाटलाने त्या यादीचा फोटो काढून ठेवावा. फोन त्याच्याकडे असतोच. मास्ट उभा करण्याआधी वरच्या तारेबद्दल महावितरणच्या लाइनमनला कळवणे ही नोंदणीची अट असावी.

दुसरी विनंती अवघड आहे आणि तीच मला जास्त महत्त्वाची वाटते. दुखापतीची माहिती दिल्यामुळे बोअरच्या खोलीबद्दल शेतकऱ्यावर कारवाई होणार नाही, असे आपण लेखी जाहीर करावे. यामुळे भूजल कायदा सैल पडेल असा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. पण खोल बोअर शोधण्याचे इतर दहा मार्ग आपल्याकडे आहेत, तर तुटलेल्या हाताची खबर मिळण्याचा मार्ग एकच आहे आणि तो आज या भीतीने बंद आहे. शासकीय रुग्णालयांच्या अपघात कक्षांनाही सूचना द्यावी, की परराज्यातला तरुण चिरडलेला हात घेऊन रात्री आला आणि बरोबरचा स्थानिक माणूस दाराचे नाव सांगू लागला, तर त्या माणसाला बाहेर बसवून जखमीला त्याच्या भाषेत पुन्हा विचारावे.

मी आता पंपाच्या सुट्या भागांचे छोटे दुकान चालवतो. त्या बिलाची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. तिच्यावर तारीख, गाडीचा नंबर आणि गट नंबर आहे. बिलाच्या मागे त्या रात्री मी पेनने त्या पोराच्या गावाचे आणि तालुक्याचे नाव लिहून घेतले होते, त्याला पैसे पाठवायचे म्हणून, पाठवले नाहीत. आपल्या कार्यालयातून कुणी बोलावल्यास ती प्रत घेऊन मी हजर राहीन आणि केसपेपरवर जे खोटे लिहवले ते माझ्या नावाने दुरुस्त करून देईन. शेतकऱ्याचे नाव मात्र झाकून आणीन.

आपला,
औसा तालुक्यातील एक माजी बोअर एजंट